आंब्याची उष्णता

त्या वर्षी अमेरिकेने हापूसला देशात यायची परवानगी दिली आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेची मराठी मंडळी कामातून गेली. इतकी वर्षं मेक्सिकोच्या आंब्याला नावं ठेवत त्याचाच रस ओरपणारी ही माणसं. खरा हापूस आला म्हटल्यावर पेट्यांवर तुटून पडली. मग जूनच्या शेवटी मुलांच्या मांड्यांवर, पाठीवर, काखेत गळवं उठायला लागली, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. एवढा आंबा हादडल्यावर दुसरं काय होणार? आयांनी सब्जा भिजत घातला, गुलकंदाच्या बाटल्या उघडल्या, पुण्याला फोन लावून सासूबाईंकडून पोटिसाची कृती विचारून घेतली. उष्णता बाधली असं एकदा ठरलं की आपला माणूस पुढे विचार करत नाही. काहीतरी थंड पाजतो आणि मोकळा होतो.

गळवं झालेली झाडून सगळी मुलं उल्हासच्या मल्लखांबाच्या वर्गातली होती. तितकाच आंबा खाणाऱ्या पण मल्लखांबाला न येणाऱ्या पोरांच्या अंगावर साधी पुटकुळी नव्हती. ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि एकाच्याही ध्यानात आली नाही. उल्हासच्याही नाही.

उल्हास आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, पण त्याचा जीव होता तो मल्लखांबात. पुण्याच्या तालमीत तो लहानाचा मोठा झाला होता. तिथल्या गुरुजींच्या ओळखीने त्याने शिसवी खांब करवून घेतला, बोटीने न्यू जर्सीला आणवला आणि भाड्याच्या एका जुन्या जिममध्ये लोखंडी बैठकीत उभा केला. गुरुजींचा नियम होता की खांबाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, साबणाचं तर नावच नको. एरंडेल आणि फडका, बास. पोरं खांबाला कपाळ टेकवायची, उघड्या पाठीने, उघड्या मांड्यांनी त्याला विळखा घालायची, घामाघूम होऊन उतरायची. मग उल्हास एरंडेलाच्या फडक्याने खांब पुसायचा आणि पुढचं पोर चढायचं. कोणाचा गुडघा खरचटला तर त्याच फडक्याने तोही पुसायचा. एरंडेल औषधीच असतं, असं वर सांगायचा. गुरुजींनी त्याचे गुडघे असेच पुसले होते आणि त्याला कधी काही झालं नव्हतं. एवढ्या पुराव्यावर आपल्याकडे काय वाटेल ते चालतं.

वर्गातली सगळ्यात तयार मुलगी होती नीला आणि सिद्धेशची कादंबरी. बारा वर्षांची, किडकिडीत, जिद्दी. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मराठी मंडळांचं मोठं अधिवेशन होतं, तिथे खांबावर पोरांचा मनोरा व्हायचा होता, आणि त्या मनोऱ्याच्या टोकावर कादंबरी उभी राहायची होती. बुधवारी खांबावरून उतरताना तिने दात आवळले. उल्हासने पाहिलं तर मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर, गोल चिकटपट्टी आणि तिच्याभोवती लालभडक सूज.

"काका, प्लीज आईला सांगू नका," ती म्हणाली. "शी विल मेक मी सिट आउट."

"दुखतंय?"

"नॉट दॅट मच. मँगोमुळे आहे. सगळ्यांनाच झालंय."

उल्हास बरं म्हणाला. का म्हणाला, तर कादंबरीशिवाय मनोऱ्याला टोक नव्हतं. त्याने स्वतःची समजूत मात्र वेगळी घातली, की बिचारी एवढी मेहनत करते, तिचं मन कशाला मोडा.

अधिवेशनाच्या आदल्या शनिवारी सकाळी शैलेंद्रचा फोन आला. शैलेंद्रचा यतीन दहा वर्षांचा, त्याच वर्गातला. मनोऱ्यात खालच्या थरात असायचा.

"यतीन हॉस्पिटलात आहे," शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज इतका सपाट होता की उल्हासला आधी कळलंच नाही. "पाठीवरचं गळू. काल ताप चढला आणि पोरगं बरळायला लागलं. इन्फेक्शन रक्तात गेलंय. नेहमीची औषधं लागू पडत नाहीत म्हणे ह्या जंतूला. सलाइनमधून कसलंतरी मोठं औषध चाललंय."

"अरे, पण आंब्याने..."

"आंबाबिंबा काही नाही, उल्हास. डॉक्टरने पहिला प्रश्न काय विचारला सांगू? हा कुस्ती खेळतो का? इकडे कुस्तीच्या, फुटबॉलच्या पोरांना होतं म्हणे हे. एकमेकांच्या अंगाला अंग लागतं, एक टॉवेल सगळे वापरतात, मॅट धूत नाहीत. मी म्हटलं, कुस्ती नाही, मल्लखांब. त्याला माहीत नव्हता. मग मी हातवारे करून सांगितलं, एक खांब असतो, पोरं उघड्या अंगाने त्याला मिठ्या मारतात, एकामागून एक. तर तो विचारतोय, खांब कोण धुतं आणि कशाने?"

उल्हासने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फडक्याचं मी काही बोललो नाही," शैलेंद्र म्हणाला. "बाकीच्या पोरांना आजच्या आज दाखवा असं सांगितलंय त्याने. गळू असेल आणि ताप असेल तर थेट इमर्जन्सीत. नर्सने यतीनच्या पाठीवर पेनाने सुजेच्या कडेने रेघ मारली होती. लाली रेघेच्या बाहेर गेली की समजायचं पसरतंय. आमची तासाभरात गेली."

उल्हासने फोन ठेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, ती गोल चिकटपट्टी. त्याने नीलाला फोन लावला. उचलला नाही. सिद्धेशला लावला, तर यंत्र निरोप ठेवा म्हणालं. मग त्याला आठवलं की नीलाची मावशी आणि मनोहरकाका भारतातून आलेत आणि ही मंडळी कालच नायगाराला गेली आहेत. भारतातला पाहुणा आला की त्याला धबधब्याखाली भिजवून आणणं हे पिस्कॅटवेतलं कुळाचारासारखं काम. त्यातून कोणाची सुटका नसते.

"मी तिला बुधवारी बघितलं होतं," त्याने बायकोला, अस्मिताला, सांगितलं. "मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

अस्मिताने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती काहीतरी कडक बोलणार होती, पण तिने ते गिळलं. "रडणं नंतर कर. आधी फोन कर," ती म्हणाली.

त्याने बाकीच्या आईबापांना फोन लावले, मधून मधून नीलाला. नीला उचलत नव्हती, आणि जे उचलत होते ते ऐकत नव्हते. कोणी म्हणालं, यार, फोड आला म्हणून कोणी इमर्जन्सीत जातं का, तिथे तासन्‌तास बसवून ठेवतात. कोणी म्हणालं, आमचं तर फुटून गेलंसुद्धा, आता आंबे बंद केलेत. मंडळाचे अध्यक्ष गुरुदत्त तर चिडलेच. "उल्हास, प्रोग्रॅम आठवड्यावर आलाय आणि तू पॅनिक पसरवतोयस. यतीनचं वाईट झालं, मान्य आहे. पण त्याला दुसरं काहीतरी असेल. आमच्या लहानपणी गळवं काय कमी झाली? त्याने मेलं का कोणी?"

उल्हासलाही काल कोणी असा फोन केला असता तर त्याने हेच उत्तर दिलं असतं. त्यामुळे त्याला भांडताही येईना. तो घरभर येरझारा घालत होता, नीलाचा नंबर दाबत होता, आणि दर वेळी तीच घंटा वाजून तोच आवाज निरोप ठेवा म्हणत होता.  देवाला तो कधी काही मागत नसे. त्या सकाळी त्याने एवढंच मागितलं की नीलाने फोन उचलावा.

दुपारी तिने उचलला.

"अरे, किती मिस्ड कॉल्स? आम्ही बोटीत होतो, फोन गाडीत राहिले," ती हसत म्हणाली. मागे पाण्याचा घोंघाट होता. "मावशी पार भिजली."

"कादंबरी कुठे आहे?"

"गाडीत बसलीय मनोहरकाकांबरोबर. बोटीत आलीच नाही. कणकण आलीय जराशी, ऊन लागलं असेल. पुण्याहून आणलेली अमॉक्सिसिलिन होती पिशवीत, ती दिली."

"नीला, तिच्या मांडीला गळू आहे. आता जाऊन बघ. फोन चालू ठेव."

"कसलं गळू? ती काही बोलली नाही मला."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग कादंबरीचं "आई, नो, आय्‌म फाइन" ऐकू आलं, मग थोडी झटापट.

"केवढं आहे हे," नीला हळूच म्हणाली.

उल्हासने यतीनचं आणि बुधवारचं सगळं सांगितलं. पुण्याची गोळी ह्या जंतूला लागू पडणार नाही, आत्ता इमर्जन्सीत न्या, असं त्याने तीनदा सांगितलं. फोन सिद्धेशने घेतला. सिद्धेश नागपूरचा, हिशेबी माणूस, घाबरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याचं म्हणणं, पाहुणे बरोबर आहेत, अनोळखी गाव, रात्री तर घरी परततोच आहोत, सोमवारी आपल्या डॉक्टरला दाखवू. उल्हासने हातापाया पडून शेवटी एवढं पदरात पाडलं की सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारायची, जेवून घ्यायचं आणि तासाभराने बघायचं. रेघ ओलांडली तर एक मिनिट थांबायचं नाही.

"रेघेची खालची कड गुडघ्याच्या वाटीपासून किती वर आहे?" उल्हासने विचारलं. सुजेचा अंदाज यावा म्हणून विचारलं. पकड कुठे बसवायची हे मल्लखांबात बोटांनीच सांगतात, त्याच सवयीने.

"चार बोटं," नीला म्हणाली.

तो तास उल्हासने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. अस्मिताने पुढे ठेवलेला भात तसाच वाळला. मग फोन वाजला आणि सिद्धेश चक्क हसत होता.

"रेघेच्या आत आहे, राजा. उलट रेघ आणि लाली यांच्यात जागा शिल्लक आहे. बघितलंस? उगाच आमचं जेवण बेचव केलंस."

 उल्हासला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. अस्मितानेही सुस्कारा सोडला. सिद्धेश आता परत निघतो म्हणत होता, आणि उल्हास हो हो म्हणत होता. तेवढ्यात त्याच्या मनात काहीतरी खटकलं. सूज कमी होऊन जागा शिल्लक राहायला औषध कुठलं मिळालं होतं तिला?

"सिद्धेश, खालची रेघ गुडघ्यापासून किती बोटं आहे?"

"आता ते कशाला?"

"मोज ना."

"थांब... दोन. पण माझी बोटं जाड आहेत, बाबा."

"नीलाला मोजू दे."

फोन नीलाकडे गेला. ती मोजताना पुटपुटत होती. मग पुटपुटणं थांबलं.

"दोनच आहेत," ती म्हणाली. "उल्हास, रेघ खाली कशी येईल?"

"जेवताना ती कुठे गेली होती का?"

"रेस्टरूमला. म्हणाली, मी एकटी जाते," नीला म्हणाली. "पेन मागून घेतलं होतं तिने. मावशीला पोस्टकार्डावर नाव घालून देते म्हणाली."

पोरीने पहिली रेघ साबणाने धुऊन काढली होती आणि लाली जिथवर पोचली होती त्याच्याही बाहेरून, ऐसपैस, नवी रेघ मारली होती. तापाने फणफणलेली, हात लावला तरी जीव जाईल असा पाय, आणि परक्या गावातल्या संडासात एकटी उभी राहून तिने हे केलं होतं, कशासाठी तर मनोऱ्याच्या टोकावर उभं राहता यावं. गाडीत आता एकच कल्लोळ उठला. सिद्धेश ओरडत होता, मावशी देवाचं नाव घेत होत्या, आणि कादंबरी जीव तोडून सांगत होती की आपल्याला काही झालेलं नाही, काही दुखत नाही, हॉस्पिटल नको.

"तिच्या कानाला फोन लाव," उल्हास म्हणाला.

"काका, यू टोल्ड देम," कादंबरी म्हणाली.

"हो, सांगितलं. आणि ऐक. आपला प्रोग्रॅम नाही. मी कॅन्सल केला." त्याने अजून कोणालाच कळवलं नव्हतं, पण बोलला त्या क्षणी ते खरं झालं. "मनोरा नाही, काही नाही. कोणीच चढणार नाही. खांब मी आज उतरवतोय. आता तुला लपवायचं काही कारण राहिलं नाही, बाळा. खरं सांग, कसं आहे?"



"इट हर्ट्स, काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चारपाच वर्षांच्या मुलीसारखा झाला. "इट रिअली, रिअली हर्ट्स."

सिद्धेशने गाडी कशी हाणली कोण जाणे. नायगाराजवळच्या बफलोच्या हॉस्पिटलात पोरीचा पाय पाहिल्यावर कोणी त्यांना बसवून ठेवलं नाही. जंतूने कातड्याखालचं मांस खायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले, उघडून सडलेलं सगळं काढावं लागेल, आत गेल्याशिवाय किती ते सांगता येणार नाही. जिवाला धोका आहे, आणि जीव वाचवायला पाय घ्यावा लागला तर घेऊ. सिद्धेशने सही केली. हे नीलाने उल्हासला फोनवर सांगितलं तेव्हा कादंबरीला आत नेलेलं होतं.

"तुला बुधवारपासून माहीत होतं," नीला म्हणाली.

"हो."

"तू मला बोलला असतास तर..."

"हो," उल्हास म्हणाला.  तिने शिव्या घालाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. नीलाने घातल्या नाहीत. 

"बाकीच्या पोरांचं काय केलंस?" मग तिने विचारलं.

"सकाळपासून सांगतोय. कोणी ऐकत नाही. आंबाच धरून बसलेत. गुरुदत्त म्हणतात मी घबराट पसरवतोय."

"नंबर सांग."

"नीला, तू आत्ता कुठे..."

"मला त्या बंद दाराकडे बघत बसवत नाही, उल्हास. तुझं नाही ऐकणार ते. माझं ऐकतील. सांग."

त्याने एकेक नंबर सांगितला आणि तिने हॉस्पिटलच्या पाण्याच्या कागदी पेल्यावर लिहून घेतला. त्यानंतर तिचा फोन सतत एंगेज लागत राहिला. उल्हास जिममध्ये गेला. अस्मिताने रबरी हातमोजे आणि ब्लीचची बाटली बरोबर घेतली होती. दोघांनी मिळून खांब बैठकीतून काढला, जमिनीवर आडवा केला आणि तिने त्याच्यावर ब्लीचचं पाणी बदाबदा ओतलं. गुरुजींनी जन्मात एक थेंब लागू दिला नसता. शिसवी लाकूड पांढुरकं पडत गेलं आणि उल्हास ब्रशने ते आणखी घासत राहिला. फडका अस्मिताने चिमट्याने उचलून पिशवीत बांधला आणि बाहेरच्या कचऱ्यात टाकला.

मग त्याचा फोन वाजू लागला. सकाळी हसलेली माणसं आता एकामागून एक विचारत होती, कुठे न्यायचं, काय सांगायचं, कपडे गरम पाण्यात धुवायचे का, टॉवेल वेगळे करायचे का, धाकट्यालाही दाखवायचं का. गुरुदत्तांचा आवाज तर ओळखू येईना. "नीलाचा फोन आला होता," ते म्हणाले. "आमच्या धाकटीच्या काखेत आहे रे. ताप नाही अजून. निघालोय आम्ही." मग त्यांनी विचारलं, "कादंबरीचं काय?"

"माहीत नाही," उल्हास म्हणाला.

सगळे शेवटी हेच विचारत होते आणि उल्हास सगळ्यांना हेच सांगत होता. नीला इतक्या घरांशी बोलली, पण स्वतःच्या पोरीबद्दल तिच्याजवळही सांगायला काही नव्हतं. आत उजेड होता आणि दार बंद होतं, एवढंच तिला माहीत होतं. ते बाजूला ठेवून ती परक्या पोरांच्या काखा आणि पाठी बघायला लावत होती. उल्हासला वाटलं, आपल्याला हे जमलं नसतं. आपल्याला तर एक साधं वाक्य बुधवारी जमलं नाही.

संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड राहतो त्या दिवसांत. जिमच्या उंच खिडक्यांतून ऊन येत होतं आणि ओल्या खांबाला ब्लीचचा उग्र वास मारत होता. उल्हास खांबाशेजारी जमिनीवर बसला होता तेव्हा नीलाचा फोन आला. त्याने तो उचलून कानाला लावला.

"सगळ्यांना फोन झाले," नीला म्हणाली. तिचा घसा बसला होता. "दोन घरं बाहेरगावी होती, त्यांनाही गाठलं. जिथे आहेत तिथेच दाखवतायत."

"नीला," उल्हास म्हणाला.

"बाहेर आणलंय तिला. उद्या पुन्हा आत नेणार आहेत, अजून थोडं काढायचंय म्हणाले. शुद्धीवर नाही. तोंडात नळी आहे. मी पांघरूण उचलून बघितलं. नर्स नको म्हणत होती, तरी बघितलं."

उल्हासने डोळे मिटले.

"पाय आहे," नीला म्हणाली, आणि दिवसभर सगळ्यांशी नीट बोललेली ती बाई तेवढं सांगून हमसाहमशी रडू लागली.